आधी ऐकावे, मग ठरवावे

काशीच्या मदनपुऱ्यातील यंत्रमागाच्या विजेचा दर लखनौत ठरतो, एवढे ऐकून आपण पुढे सरकतो. पण तो ठरवण्याचा अधिकार 2003 च्या विद्युत कायद्याने किती नजाकतीने गुंफला आहे, हे न्याहाळायचे तर कलम 64 पाशी घटकाभर रेंगाळायला हवे. वाराणसीत मुख्यालय असलेले पूर्वांचल विद्युत वितरण निगम दराचा प्रस्ताव मांडते, तो लोकांसाठी प्रसिद्ध करते आणि उत्तर प्रदेश विद्युत नियामक आयोग 120 दिवसांत निर्णय देतो. मात्र लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्यानंतरच. ठरवण्याआधी ऐकणे, या साध्या क्रमातच त्या रुक्ष कलमाचे लावण्य आहे.

त्याच्या शेजारचे कलम 65 तर चवीने वाचावे. एखाद्या वर्गाला सवलत द्यावी असे राज्य सरकारच्या मनात आले, आणि उत्तर प्रदेशात 2006 मध्ये यंत्रमाग विणकरांसाठी तशी योजना आलीही, तर सवलतीची रक्कम सरकारने आगाऊ भरायची. ती न भरल्यास आयोगाचा मूळ दरच लागू. हातावर उदक सोडल्यावाचून दान पुरे होत नाही, हे काशीक्षेत्री वेगळे सांगायला नको!

आता आयोगाच्या आसनाकडे वळू. सदस्याची मुदत 5 वर्षांची आणि त्याच पदावर पुनर्नियुक्ती नाही, त्यामुळे मुदतवाढीच्या आशेने कुणाची मर्जी राखण्याचे कारणच उरत नाही. हितसंबंधांचा ठपका आला तरी अपिलीय न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी चौकशी करून तसा अहवाल दिल्यावाचून सरकार त्याला दूर करू शकत नाही. पण हे निर्भय आसन निरंकुश नव्हे. त्याच्या आदेशावर न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, त्याचे हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात, त्याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो. जो सर्वांवर देखरेख करतो, त्याच्यावरही कुणाची तरी नजर असते.

या मांडणीचा खरा आस्वाद दर-आदेशात मिळतो. आपण एरवी थेट शेवटच्या दरांच्या तक्त्याकडे धावतो. त्याआधी हरकतींचे प्रकरण उघडावे. ग्राहकाचा आक्षेप, त्यावर कंपनीचे उत्तर आणि त्याखाली आयोगाचे मत, असा तिघांचा संवाद तिथे ओळीने मांडलेला असतो. आणि कोणता आक्षेप खरोखर ऐकला गेला, हे पारखण्याचा अधिकार तेथे वाचकाकडे, म्हणजे आपल्याकडेच, येतो.