बाबांना काय दाखवायचं?

बाबा येणार हे नक्की झालं तसं मी सगळ्यात आधी एक्सेल शीट उघडली. आठ वीकेंड, प्रत्येकासमोर एक ठिकाण, ट्रेनची वेळ, तिकिटाचे युरो, आणि शेवटच्या रकान्यात ‘पाऊस आला तर’. मी रॉटरडॅमला नोकरी करतो. आई ताईच्या बाळंतपणासाठी मागे थांबणार होती, म्हणजे दोन महिने घरात आम्ही दोघंच. शीट भरून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. का वाटलं, ते बाबा आल्यावर दुसऱ्या आठवड्यात यीयुन लीची एक कथा पुन्हा वाचताना कळलं आणि जरा लाज वाटली.

ली बीजिंगची. १९९६ मध्ये इम्युनॉलॉजी शिकायला अमेरिकेत आली आणि लेखिका झाली, तीही इंग्रजीत. ‘अ थाउजंड इयर्स ऑफ गुड प्रेअर्स’ हा तिचा पहिला कथासंग्रह २००५ चा. त्याच नावाच्या कथेत मिस्टर शी नावाचे निवृत्त गृहस्थ चीनहून मुलीकडे येतात. मुलीचा घटस्फोट झालाय, तिला सावरायला हवं असं त्यांना वाटतं. ते रोज रात्री चारीठाव स्वयंपाक करून वाट बघतात. ती येते, थोडं खाते, गप्प बसते. तू सुखी नाहीस, असं ते म्हणतात आणि ती आणखी गप्प होते. आणि मग ती त्यांना सुचवते की एवढे अमेरिकेत आला आहात, तर एखादी टूर करून या.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला ती मुलगी निष्ठुर वाटली होती. आता माझ्याकडे शीट होती.

टूर म्हणजे घराबाहेर. टूर म्हणजे गाइड बोलणार, आपण नाही. स्थळदर्शनाची ही गोम यासुजिरो ओझूने लीच्या कितीतरी आधी पकडली होती. त्याच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) परदेश नाही; ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात एवढंच. पण मुलांच्या आणि त्यांच्यामधलं अंतर व्हिसा लागावा इतकं आहे. डॉक्टर मुलगा रविवारी फिरायला नेणार असतो, तेवढ्यात पेशंट येतो आणि बेत बारगळतो. मग भावंडं पैसे काढून आई-वडिलांना आतामीच्या गरम झऱ्यांकाठी धाडून देतात. तिथे रात्रभर लोकांचा दंगा, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसून ठरवतात की घरी जाऊ. मुलांनी खर्च केलाय, तक्रार करायला जागा नाही. ओझू कुणालाच खलनायक करत नाही, म्हणून जास्त लागतं.

पण त्याच सिनेमात दुसरीही सहल आहे. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, ऑफिसातून रजा काढून सासू-सासऱ्यांना सिटी बसमधून हिंडवते. गाइड माहिती सांगतेय, बस हलतेय, सगळ्यांच्या माना एका तालात डुलतायत. मग ती त्यांना एका उंच इमारतीच्या जिन्यावर नेते आणि बोटाने दाखवते: मोठ्या भावजींचं घर त्या बाजूला, वन्संचं तिकडे. म्हातारी विचारते, आणि तुझं? नोरिको त्यांना वळवते आणि पलीकडची बाजू दाखवते. सबंध टोकियोत त्या दोघांना बघायचं असतं ते एवढंच. हे नोरिकोला कळतं, पोटच्या मुलांना नाही. आतामीचा खर्च बसच्या तिकिटापेक्षा नक्कीच जास्त झाला असणार.

मराठीत हा विषय शोधायला गेलो तर एक गंमत दिसते. वाट बघणारे आई-बाप आपण लिहिलेत. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ त्यासाठी पुरेसं आहे: एक मुलगा अमेरिकेत, घरात दोन म्हातारी माणसं आणि घड्याळ. पण विमानात बसून येऊन पोचलेला बाप, मुलाच्या ओपन किचनमध्ये गॅस नाही म्हणून इंडक्शनच्या बटणांकडे बघत उभा असलेला बाप, मला तरी कुठे नीट भेटला नाही. त्याच्या जागी आपल्याकडे मुलाकडे-जाऊन-आलो प्रकारच्या प्रवासवर्णनांचं एक अख्खं कपाट आहे. दिवाळी अंकात असतात, स्वखर्चाने छापलेली असतात, लग्नात भेट मिळतात. मी बरीच वाचलीत, आणि त्यांची टिंगल करणं सोपं आहे म्हणून करत नाही. त्यांतलं निरीक्षण बऱ्याचदा चोख असतं: नळाचं पाणी, रस्त्यातली शिस्त, वाचनालयं. नायगाराला पाच पानं मिळतात. मुलगा मात्र ‘चिरंजीवांनी गाडी काढली’ एवढ्या वाक्यात येतो आणि ड्रायव्हिंग सीटवर पुस्तक संपेपर्यंत बसून राहतो. तो थकलाय का, त्याच्या घरात रात्री कुठल्या भाषेत भांडण झालं, सूनबाईंनी दार जरा जोरात लावलं का, यातलं काही नाही. लेखकाला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. नायगाऱ्याबद्दल लिहिलं की त्याबद्दल लिहावं लागत नाही.

लीच्या कथेतलं परदेशस्थ वाचकांत सगळ्यात जास्त फिरणारं वाक्य मुलीचं आहे. ज्या भाषेत भावना कधी बोलल्याच गेल्या नाहीत त्या भाषेपेक्षा नवीन भाषेत बोलणं सोपं जातं, माणूस नवा होतो, अशा अर्थाचं. ती फोनवर इंग्रजीत खळखळून हसते आणि बापाला ती दुसरीच कुणी वाटते. प्रसंग उत्तम आहे. पण या वाक्याला जे डोक्यावर घेतलं जातं त्यावर माझा आक्षेप आहे. ते आपल्याला, म्हणजे सोडून आलेल्यांना, परवडणारं वाक्य आहे. दोष भाषेचा, ना तुझा, ना माझा. मी आईशी मराठीतच तासभर बोलतो. मराठीची काही अडचण नाही.

लीने दुसरं कारणही तिथेच ठेवलंय, ते कमी वाचलं जातं. मिस्टर शी स्वतःला रॉकेट सायंटिस्ट म्हणवतात, आणि अमेरिकेत लोक हे ऐकून चकित होतात. प्रत्यक्षात ते तीनच वर्षं त्या कामावर होते. ऑफिसातल्या एका कार्ड पंच करणाऱ्या मुलीशी रोज गप्पा मारत, त्यावरून बोभाटा झाला. नुसतं बोलणं होतं, असं ते म्हणत राहिले. चूक कबूल केली नाही म्हणून त्यांना हलक्या कामावर टाकलं. घरी मात्र रॉकेटचं काम गुप्त असतं म्हणून बोलता येत नाही, असं सांगत आयुष्य काढलं. (आमच्या धंद्यात काही टीम अजून कोडची ओळ ८० अक्षरांत ठेवतात, ती सवय त्या ८० रकान्यांच्या कार्डांपासून आलेली. त्या कार्डांमागे बसलेली माणसं मात्र मला पहिल्यांदा या कथेतच दिसली.) म्हणजे घरातली शांतता चिनी भाषेतून नव्हे, एका ऑफिसातून आली. आणि मुलीला ते पहिल्यापासून माहीत होतं.

शी खरं बोलतात ते बागेत भेटणाऱ्या एका इराणी बाईंशी. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, मोडकंतोडकं इंग्रजी तेवढं सामाईक. ऐकणाऱ्याला सगळं कळत नाही म्हणून सांगता येतं. वेन वांगच्या २००७ च्या सिनेमात हे बाकड्यावरचे प्रसंग सुंदर आहेत. पण पडद्यावर त्या बाईंचा चेहरा इतका समजूतदार दिसतो की त्यांना सगळं कळतंय असं वाटून जातं. कागदावर ती शंका राहते, म्हणून मला कथा जास्त पटते.

शीटवर तिसऱ्या शनिवारी किंडरडाइक होतं. रॉटरडॅमहून वॉटरबस जाते. एकोणीस पवनचक्क्या, बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या, १९९७ पासून जागतिक वारसा. मला त्या फोटोसाठी हव्या होत्या. बाबा फोटोला उभे राहिले आणि लगेच खाली वाकून दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळ्या बघायला लागले.

बाबांची नोकरी कालव्यावरची. घरी त्याबद्दल एक शब्द नसायचा. ‘साइटवर गेलेत’ एवढंच आम्हाला माहीत.

“दोन टप्प्यांत उचलतायत,” ते म्हणाले. मी फोनवर वाचून बघितलं तर बरोबर होतं. शेतातलं पाणी आधी खालच्या साठ्यात येतं, चक्क्या ते वरच्या साठ्यात चढवतात, आणि नदी उतरली की तिथून नदीत सोडतात.

“आपल्याकडे पाणी येत नाही म्हणून भांडणं. यांच्याकडे जात नाही म्हणून.” मग पाण्याकडेच बघत म्हणाले, “टेलला कधी पोचलंच नाही रे आमचं. कागदावर पोचायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे रजिस्टरला लिहायचं, पोचलं. एका वर्षी मी नाही लिहिलं.”

मी चौथीत असताना आम्ही तालुका बदलला होता. तिथली शाळा चांगली आहे असं मला सांगितलं होतं. मी मनात वर्षं मोजली. विचारावं की नाही ते ठरत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही. दोघंही चक्कीच्या पात्यांकडे बघत होतो. समोर पवनचक्की नसती तर ते बोलले असते असं मला वाटत नाही. तेव्हा मुलीने सुचवलेली टूर आणि नोरिकोची बस यांच्यातला फरक मला आता जरा वेगळा दिसतो: नोरिको बसमध्ये शेजारी बसलेली असते.

“शाळा खरंच चांगली होती,” बाबा म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं.

मग वॉटरबसची वेळ झाली. रात्री फॅमिली ग्रुपवर त्यांनी माझा फोटो न टाकता पाण्याचा टाकला. खाली लिहिलं: ‘हॉलंड. पाणी वर चढवायची जुनी पद्धत.’ ताईने अंगठा दिला, मामाने हात जोडले.

पुढच्या शनिवारी शीटमध्ये कोयकेनहोफ आहे, ट्युलिपची बाग, तिकिटं काढून झालीत. काल जेवताना त्यांनी विचारलं, तिथे काही डिझेल पंपाचं जुनं स्टेशन बघायला मिळेल का रे? मी म्हटलं, तिथे नाही, पण शोधतो.