‘आमचे’ हणजूण आणि नवे परदेशी : क्लिओ ओड्झर व अरुण साल्ढाणा यांच्या ग्रंथांतील ज्येष्ठतेच्या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना

परक्या मुलुखात राहणाऱ्या परक्यांमध्ये आधी कोण आले आणि मागाहून कोण आले, यावरून निर्माण होणारी श्रेणी हा स्थलांतराच्या अभ्यासातील काहीसा उपेक्षित विषय आहे. यजमान समाज आणि आगंतुक यांच्या संबंधांवर विपुल लेखन झाले आहे. आगंतुकांमधील जुन्या-नव्यांची तेढ मात्र बहुधा प्रवासवर्णनातील किस्सा म्हणून सोडून दिली जाते. गोव्यातील बार्देश तालुक्यातील हणजूण या किनारी गावाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतील तरुण येथील किनाऱ्यांवर येऊन राहू लागले. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर चार्टर विमानांनी पॅकेज पर्यटक आले. १९९० च्या दशकात ट्रान्स संगीताच्या ओढीने ब्रिटन, जर्मनी, इस्राएल आदी देशांतील तरुण आले आणि २००० नंतर रशियन पर्यटकांची मोठी लाट आली. प्रत्येक लाटेच्या वेळी आधीच स्थिरावलेल्या परदेशी रहिवाशांची तक्रार जवळजवळ एकाच साच्यातील होती : खरा गोवा आम्ही पाहिला, तो आता उरला नाही, आणि तो घालवला या नव्या लोकांनी.

ही तक्रार तपासण्यासाठी दोन ग्रंथ विशेष उपयुक्त आहेत. क्लिओ ओड्झर यांचे ‘गोवा फ्रीक्स : माय हिप्पी इयर्स इन इंडिया’ (१९९५) हे आत्मकथन त्या वर्तुळाच्या आतून लिहिलेले आहे, भूगोलाचे अभ्यासक अरुण साल्ढाणा यांचा ‘सायकेडेलिक व्हाइट : गोवा ट्रान्स अँड द व्हिस्कॉसिटी ऑफ रेस’ (२००७) हा ग्रंथ त्याच वर्तुळाकडे चिकित्सक नजरेने पाहतो. एक ग्रंथ साक्ष देतो आणि दुसरा उलटतपासणी घेतो, असे म्हणता येईल. मात्र दोन्ही ठिकाणी एक महत्त्वाचा साक्षीदार फारसा बोलत नाही, आणि त्याचा विचार पुढे करावा लागेल.

तत्पूर्वी एका जुन्या दाखल्याचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात नव्याने उतरलेल्या इंग्रजाला जुने इंग्रज ‘ग्रिफिन’ म्हणून हिणवीत. सुमारे वर्षभर मुक्काम झाला की हे नाव गळून पडे. त्याही आधी, सतराव्या शतकातील मुंबईत इंग्रज माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण प्रचलित होती. रोगराईने माणसे इतकी मरत की पावसाळे निभावणे हीच ज्येष्ठता होती. परक्या भूमीवरील हक्क वर्षांत न मोजता ऋतूंत मोजण्याची रीत अशी जुनी आहे. हणजूणच्या फ्रीक मंडळींना आपण वसाहतवाल्या साहेबांचे वारस आहोत हे ऐकून संताप आला असता. पण मोजपट्टी तीच होती.

हंगामांचे गणित

ओड्झर १९७५ मध्ये हणजूणला पोहोचल्या. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधून मानवशास्त्रात पीएच.डी. मिळवली (१९९०), तरी प्रस्तुत ग्रंथात संशोधकाचा आव नाही, ही त्याची जमेची बाजू मानली पाहिजे. ग्रंथाची मांडणी हंगामांनुसार आहे. पावसाळा सरला की मंडळी गोव्यात जमतात, मे महिन्याच्या सुमारास पांगतात, पैसे मिळवण्यासाठी जगभर फिरतात आणि पुढच्या हंगामाला परततात. हा पैसा पुष्कळदा अमली पदार्थांच्या चोरट्या वाहतुकीतून येतो आणि त्याच पदार्थांत नाहीसा होतो, हे लेखिकेने लपवलेले नाही. ग्रंथाचा उत्तरार्ध व्यसनाच्या उतरणीची कहाणी आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ग्रंथातील प्रारंभीचे चित्र. निवेदिका येते तेव्हा ती स्वतःच नवखी आहे आणि आतल्या वर्तुळात आपली गणना व्हावी यासाठी तिची धडपड चालली आहे. उपशीर्षकात ‘हिप्पी’ हा शब्द असला तरी ही मंडळी स्वतःला ‘फ्रीक’ म्हणवतात, आणि या नावातच एक कुंपण आहे. हिप्पी कोणीही होऊ शकतो. गोवा फ्रीक होण्यासाठी घर, ओळखी आणि परत येण्याचा शिरस्ता लागतो. किती हंगाम झाले, या प्रश्नाचे उत्तर येथे ओळखपत्राचे काम करते. काही पानांतच निवेदिका हे कुंपण ओलांडून आत जाते आणि तिच्या भाषेत ‘आपला’ किनारा येऊ लागतो. हे स्थित्यंतर इतक्या सहजपणे घडते की लेखिकेला स्वतःला ते जाणवले असावे असे वाटत नाही. अवघ्या एका-दोन हंगामांच्या भांडवलावर एक परदेशी स्त्री त्या गावाबद्दल स्वामित्वाच्या सुरात बोलू लागते, आणि बसगाड्या भरभरून नग्न गोऱ्यांना पाहायला येणारे भारतीय पुरुष तिच्या लेखी घुसखोर ठरतात. या पुरुषांच्या नजरेचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि स्वतःच्या देशातील समुद्रकिनाऱ्यावर उभा राहिलेला माणूस घुसखोर कसा, हा प्रश्न ग्रंथात उपस्थितच होत नाही.

२००० नंतरच्या पहिल्याच वर्षांत मार्कस रॉबिन यांचा ‘लास्ट हिप्पी स्टँडिंग’ हा माहितीपट आला. त्यात ओड्झर यांनी सत्तरच्या दशकात केलेले चित्रीकरण वापरले आहे. शीर्षक पुरेसे बोलके आहे. शेवटचा उरलेला हिप्पी ही कल्पनाच मुळी ज्येष्ठतेचा दावा आहे, कारण आपल्यामागून आलेल्या सर्वांना ती त्या नावातून वगळते. याच काळात ओड्झर गोव्यात परतल्या आणि २००१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

रापलेली त्वचा आणि वंशाचा प्रश्न

साल्ढाणा यांचा ग्रंथ या स्वामित्वभावाला वंशाच्या चौकटीत ठेवतो. त्यांनी पदार्थविज्ञानातील श्यानता ही संकल्पना घेतली आहे. काकवी जशी सावकाश वाहते, स्वतःलाच धरून राहते आणि दुसऱ्या द्रवात चटकन मिसळत नाही, तशी गोरी शरीरे हणजूणमध्ये एकमेकांना धरून राहतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोणी फलक लावून भारतीयांना मज्जाव करत नाही. पण रात्रभर चालणाऱ्या ट्रान्स पार्टीत भारतीय पर्यटक पूर्वरात्री येतात, दमतात आणि निघून जातात. जुने फ्रीक पहाटे येतात. आणि सूर्योदयानंतर नाचाचे मैदान जवळजवळ संपूर्ण गोरे झालेले असते. हे निरीक्षण ग्रंथाचा सर्वोत्तम भाग आहे. सर्व भेद विरघळवून टाकणारे संगीत, ही ट्रान्सची आत्मप्रतिमा त्याच्यापुढे टिकत नाही.

मात्र जुन्या परदेशी रहिवाशांना नव्या परदेशी आगंतुकांविषयी वाटणाऱ्या तिटकाऱ्याचे स्पष्टीकरण या चौकटीत अपुरे राहते. चार्टर विमानाने दोन आठवड्यांसाठी आलेला इंग्रजही गोराच असतो, रशियन कुटुंबही गोरेच असते. तरीही त्यांना वर्तुळात स्थान नाही. साल्ढाणा यांना ही अडचण जाणवली नाही असे नाही. पेहराव, उन्हाने रापलेली कातडी, मोटारसायकल, नाचण्याचे कसब या खुणांची ते बारकाईने नोंद घेतात. परंतु या खुणा अखेर वंशाच्या छत्राखाली आणल्या जातात, आणि तेथे त्यांच्या विवेचनाशी सहमत होणे कठीण जाते. या बहुतेक खुणांत एक समान सूत्र आहे, आणि ते म्हणजे काळ. कातडी रापायला आठवडे लागतात, पहाटे ताजेतवाने येऊन नाचायचे हे कळायला एखादा हंगाम जातो, जुनी बुलेट दुरुस्त करून देणारा मेकॅनिक माहीत व्हायला त्याहून अधिक. चार्टरच्या पर्यटकाची लालबुंद पाठ म्हणजे त्याच्या मुक्कामाच्या कोतेपणाची जाहीर नोंदच.

तेव्हा ज्येष्ठता ही एक शिडी आहे आणि वंश ठरवतो तो त्या शिडीवर कोणाला पाय ठेवता येईल एवढेच, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. नवा गोरा पाहुणा आज तुच्छ असला तरी दहा हंगामांनंतर तोही जुना जाणता होऊ शकतो आणि तेव्हा तोही नव्यांना नावे ठेवील. कोल्हापूर किंवा बेळगावहून आलेल्या पर्यटकाला ही सोय नाही. त्याची कातडी आधीच सावळी असल्याने तिच्यावर मुक्काम उमटत नाही, आणि तो कितीही वेळा आला तरी त्याचे हंगाम कोणी मोजत नाही. साल्ढाणा ग्रंथाच्या अखेरीस वंशभेद नाहीसे करण्याऐवजी त्यांची संख्या असंख्य करावी, अशा आशयाचा तात्त्विक उपाय सुचवतात. तो बौद्धिकदृष्ट्या आकर्षक असला तरी हणजूणच्या वाळूत नेमका कसा उतरावा, हे उमगत नाही.

आणखी एक मर्यादा काळाची आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास सर्वसाधारणपणे बंदी घातली. अंमलबजावणी ढिली राहिली, तरी साल्ढाणा यांच्या विवेचनाचा कणा असलेली ती पहाट हळूहळू दुर्मीळ झाली. रशियन लाटेचे केंद्र तर हणजूणऐवजी पेडणे तालुक्यातील मोरजी हे होते. तेथे उपाहारगृहांच्या पाट्यांवर रशियन लिपी आली. श्यानतेचा सिद्धान्त मोरजीला लावून पाहण्याचे काम व्हायला हवे.

घरमालक, चहावाल्या आणि ‘भायले’

दोन्ही ग्रंथांत कमी बोलणारा साक्षीदार म्हणजे गावकरी. ओड्झर यांच्या कथनात तो घर भाड्याने देतो, पाणी भरतो, हॉटेल चालवतो आणि पार्श्वभूमीत राहतो. साल्ढाणा त्याच्याविषयी निश्चितच अधिक सजग आहेत. पार्टीच्या कडेला चटया अंथरून रात्रभर चहा विकणाऱ्या स्थानिक बायकांची त्यांनी दखल घेतली आहे. तरीही त्यांचे लक्ष पुन्हापुन्हा नाचाच्या मैदानाकडे वळते. चटईवर बसलेल्या बाईला जुना परदेशी आणि नवा परदेशी यांत कोणता फरक दिसत होता, हे वाचकाला कळत नाही.

वस्तुतः तिला फरक दिसत असणारच, आणि तो फ्रीकना दिसणाऱ्या फरकाहून वेगळा असणार. पॅकेजने येणाऱ्या पर्यटकाचा बराचसा पैसा त्याच्या देशातच भरलेला असतो; तो मोठ्या हॉटेलात उतरतो आणि पुष्कळदा तेथेच जेवतो. सहा महिने राहणारा जुना परदेशी गावातल्या घराचे भाडे देतो, गावातल्या दुकानातून तांदूळ-अंडी आणतो, दुचाकी गावातूनच घेतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागृत गोंयकारांची फौज या संघटनेने चार्टर पर्यटनाला जोरदार विरोध केला, तेव्हा तिच्या आक्षेपांत पाणी, जमीन, किनाऱ्यावरची वहिवाट आणि बड्या हॉटेलांची मक्तेदारी हे मुद्दे होते. म्हणजे एकाच पाहुण्याविषयी गावकऱ्याची आणि जुन्या परदेशी रहिवाशाची नाराजी एकाच वेळी व्यक्त होत होती. परंतु गावकऱ्याचा प्रश्न विहिरीचा होता आणि रहिवाशाचा वातावरणाचा. या दोन तक्रारी एकच आहेत असे मानण्याची चूक पर्यटनविरोधी लेखनात वारंवार होते, आणि तिचा लाभ नेहमी दुसऱ्या पक्षाला मिळतो. त्याची हळहळ गावाचा आवाज म्हणून छापली जाते.

अर्थात गावही या मोजणीपासून मुक्त नाही. गोव्यात परप्रांतीयांना ‘भायले’ म्हणण्याची प्रथा आहे, घाटावरून येणाऱ्यांसाठी ‘घाटी’ हा त्याहून तिखट शब्द आहे. हणजूणचा बुधवारचा बाजार सत्तरच्या दशकात परदेशी मंडळींनी आपल्या वस्तू विकण्या-बदलण्यासाठी सुरू केला. पुढे तेथे काश्मिरी, राजस्थानी, तिबेटी विक्रेते आणि कर्नाटकातील लमाणी बायका आल्या. जुन्या परदेशी रहिवाशाला त्या बाजाराचे बाजारीकरण वाटते, गावातल्या काहींना भायल्यांचे आक्रमण वाटते. लमाणी बाईकडे मात्र हंगाम मोजण्याइतकी फुरसत नसते.

कायद्याने या ज्येष्ठतेची कधीच कदर केली नाही, हेही येथे नोंदवणे अगत्याचे आहे. पर्यटक व्हिसावर आलेला परदेशी नागरिक, त्याचे हंगाम पाच असोत वा तीस, कायद्याच्या दृष्टीने पर्यटकच असतो. त्या व्हिसाच्या बळावर त्याला येथे जमीन-घर विकत घेता येत नाही. २००९ च्या अखेरीस पर्यटक व्हिसावरील दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे झाले आणि २०१२ मध्ये बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी ते उठवले गेले. त्या तीन वर्षांत मुदत संपताच शेजारच्या देशात जाऊन लगेच परतण्याची जुनी वाट बंद झाली होती. नियमापुढे हणजूणचा जुना जाणता आणि कालचा चार्टरवाला एकाच रांगेत होते.

१९७५ च्या आसपास ज्या तरुण घरमालकिणींनी पहिल्या परदेशी भाडेकरूंना ओसरीतली खोली दिली, त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या प्रत्येक लाटेतील भाडेकरू त्यांनी पाहिले, भाडे ठरवले, बुडवलेलेही पाहिले. कोण आधी आले आणि कोणी काय बिघडवले, याविषयीची त्यांची साक्ष कोकणीत आहे आणि या दोन्ही ग्रंथांत तिला जागा मिळालेली नाही. म्हापसा-पणजीच्या महाविद्यालयांतील समाजशास्त्र व भाषा विभागांना ती ध्वनिमुद्रित करण्यासाठी लांब जावे लागणार नाही. हाती असलेला अवधी तेवढा थोडा आहे.