फुंकर, कॅसेट आणि कुलूप

1990च्या दशकात ज्यांच्या वर्गात मुले होती, त्या शिक्षकांना एक दृश्य आठवत असेल. टीव्हीला जोडलेला गेम चालू होत नाही. पडद्यावर राखाडी रंग, नाही तर नुसत्या रेघोट्या. मुलगा कॅसेट उपसतो, माऊथ ऑर्गनसारखी ओठांशी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारतो, पुन्हा खोचतो आणि काय आश्चर्य, गेम चालू! ही विद्या त्याला कोणी शिकवली? कोणीच नाही. अमेरिकेतली मुलेही त्या काळात हेच करीत होती, आणि त्यांची व आपली गाठ पडण्याचा काही संभव नव्हता.

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात तेव्हा एका मुलाने विचारले होते, की फुंकर मारल्याने कॅसेट का चालते? आम्ही ठोकून दिले, ‘धूळ उडते म्हणून.’ एवढ्यावर थांबलो नाही. ‘रोजच्या जीवनातले विज्ञान’ या मथळ्याखाली फळ्यावर ते सुवाच्य अक्षरात लिहूनही टाकले. करून पाहिले नव्हते. ती चूक दुरुस्त करायला आम्हाला तीस वर्षे लागली. एका सहकाऱ्याच्या माळ्यावर तसलाच एक जुना टीव्ही गेम निघाला तेव्हा.

प्रयोग साधा आहे, आठवीची मुले सहज करतात. एकच कॅसेट घ्यायची. प्रत्येक खेपेला ती बाहेर काढायची आणि नाणे उडवायचे. छापा आला तर फुंकर मारायची, काटा आला तर तेवढाच वेळ कॅसेट नुसती हातात धरायची. मग परत खोचायची. पडद्याकडे बघून ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहिणाऱ्या मुलाने पाठमोरे उभे राहायचे आणि कॅसेट बसल्यावरच वळायचे, म्हणजे फुंकर मारली की नाही हे त्याला कळत नाही. आम्ही हे केले तेव्हा दोन्ही रकान्यांत यश आणि अपयश असे मिसळून आले, की फुंकरीच्या बाजूने काही म्हणावे असा फरक दिसेना. मात्र कॅसेट न काढता नुसते बटण बंद-चालू केले, तर बंद पडलेली कॅसेट बहुधा बंदच राहिली. थोडक्यात, गुण काढण्या-घालण्याचा होता. कॅसेटच्या कडेवरच्या धातूच्या पट्ट्या आतल्या स्प्रिंगसारख्या पिनांवर घासतात, वरचा मळाचा पातळ थर खरवडला जातो आणि पिन थोड्या वेगळ्या जागी टेकते. श्रेय मात्र फुंकरीने घेतले. उलट श्वासातली वाफ धातूवर बसते, ती दीर्घकाळात चांगली नाही. गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने स्वतःच पुढे ‘कॅसेटमध्ये फुंकू नका’ असे ग्राहकांना सांगितले.

इथवर गोष्ट मजेची आहे. पण मुलांनी पुढचा प्रश्न विचारला: इतकी कॅसेट काढावी-घालावी लागते, तर यंत्र असे बनवलेच कशाला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही मूळ यंत्रापर्यंत गेलो, आणि आमचे मत त्या यंत्राबद्दल बरेच कडक झाले. ते इथे मांडतो.

आपल्याकडे बाजारात मिळत ते ‘टीव्ही गेम’ बहुतांशी एका जपानी यंत्राच्या नकला होत्या. निन्टेन्डोचे हे यंत्र, फॅमिकॉम, 15 जुलै 1983 रोजी जपानात विक्रीला आले. त्याची रचना करणाऱ्या गटाचे प्रमुख होते मासायुकी उएमुरा. कॅसेट वरून सरळ खाली खोचायची, 60 पिना, संपले. 1985च्या ऑक्टोबरमध्ये हेच यंत्र नाव आणि पेहराव बदलून अमेरिकेत गेले. तिथे 1983 साली व्हिडिओ गेमचा धंदा पार कोसळला होता आणि दुकानदारांना ‘गेम’ हा शब्दसुद्धा नको होता. म्हणून यंत्राला व्हीसीआरचे रूप दिले: पुढची झडप उघडा, कॅसेट आत सरकवा, मग खाली दाबा. दिसायला झोकदार! पण या खाली दाबण्याने पिना दर वेळी वाकतात, काही काळाने त्यांचा ताठा जातो, आणि घासून साफ होण्याचा जो फायदा सरळ खोचण्यात होता तोही कमी होतो. दिसण्यासाठी सांध्याचा बळी दिला गेला, असे आम्ही म्हणू.

याहून गंभीर बदल आत होता. पिना 60च्या 72 झाल्या आणि त्यांतल्या 4 खेळासाठी नव्हत्याच. त्या कुलपाच्या होत्या.

हे कुलूप बुद्धिमान आहे, आणि वर्गात शिकवण्यासारखे आहे. यंत्रात एक छोटी चिप, कॅसेटमध्ये तशीच दुसरी. दोघींतला प्रोग्रॅम एकच. बटण दाबले की दोघी एकाच क्षणी, एकाच ठोक्यावर आकडे तयार करू लागतात आणि एकमेकींना पाठवतात. आकडे जुळत राहिले तर ठीक. जुळले नाहीत, की यंत्रातली चिप मुख्य प्रोसेसरला साधारण दर सेकंदाला एकदा ‘पुन्हा पहिल्यापासून’ असा हुकूम सोडते. मग पुढचा लाल दिवा लुकलुकत राहतो आणि खेळ काही सुरू होत नाही.

वर्गात याचे नाटक करता येते. दोन मुलांना गुपचूप एक नियम द्या: आधीच्या संख्येला 13ने गुणा, 7 मिळवा, शेवटचे दोन अंक ठेवा. सुरुवात 25. पुढे येतात 32, 23, 06, 85, 12, 63. (खऱ्या चिपमधला नियम वेगळा आहे, हा आमच्या सोयीचा.) दोघे वर्गाच्या दोन टोकांना उभे राहून टाळीच्या ठोक्यावर संख्या म्हणतील. तिसऱ्या मुलाला नुसते ऐकून त्यांच्यात सामील व्हायचे आहे. तो हैराण होईल, पण एखादी हुशार मुलगी नियम शोधूनही काढील. मग वर्गाला विचारा, तिने चोरी केली काय? या प्रश्नावर अमेरिकेतील वकिलांनी वर्षानुवर्षे घालवली आहेत, तेव्हा वर्गाची एक तासिका गेली तर बिघडले नाही.

आता आमचा आक्षेप. कॅसेट अस्सल आहे, पैसे मोजून घेतलेली आहे, खेळाच्या पिना सगळ्या नीट टेकल्या आहेत. पण कुलपाच्या चारांपैकी एक पिन टेकली नाही. झाले! यंत्र मालकालाच चोर ठरवते. ज्या यंत्राचा सांधा मुळात कच्चा, त्याच सांध्यावर हे नाजूक कुलूप टांगलेले. आपल्याकडच्या नकली यंत्रात कुलूप नव्हते, कारण ती फॅमिकॉमची नक्कल होती. तिथे सांधा बिघडला तर बिघाड दिसायचा. कित्येक कॅसेटमध्ये प्रोग्रॅम एका चिपमध्ये आणि चित्रे दुसरीत असत. चित्रांच्या पिना सुटल्या तर खेळ चालतो, फक्त माणसाच्या जागी अक्षरांचे तुकडे पळतात. मुले त्यावरून कुठली बाजू दाबायची हे ओळखायची! म्हणजे यंत्र आपले दुखणे सांगत होते. लुकलुकणारा दिवा काही सांगत नाही. कॅसेट बनावट आहे, मळकी आहे की पिन वाकली आहे, तिन्हींना उत्तर एकच.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. 1983च्या पडझडीचे एक कारण असे सांगितले जाते, की कोणीही उठून रद्दी गेम काढत होता आणि ग्राहक विटले. म्हणून दर्जा राखायला कुलूप हवे. वरवर पटते. पण ती चिप दर्जा तपासत नव्हती, परवाना तपासत होती. परवान्याच्या अटी काय होत्या? एका प्रकाशकाने वर्षाला पाचच गेम काढायचे, कॅसेट कंपनीकडूनच बनवून घ्यायच्या, तो गेम दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही. यांत दर्जाचा संबंध कितपत, हे वाचकांनी ठरवावे. युरोपासाठी चिपा वेगळ्या होत्या, इतक्या की ब्रिटनचे यंत्र आणि युरोपातल्या बहुतेक देशांची यंत्रे एकमेकांच्या कॅसेट नाकारीत. खेळ चांगला की वाईट हे काही देशाच्या सीमेवर बदलत नाही. आणि जपानात याच यंत्राला सुरुवातीला कुलूप नसताना तिथला धंदा कोसळला नाही.

कुलूप तोडणारे निघालेच. काहींनी विजेचा उलटा धक्का देऊन यंत्रातली चिप क्षणभर बधिर केली. अटारी गेम्स या कंपनीने मात्र लबाडी केली: कोर्टाच्या कामासाठी हवा असे खोटेच सांगून अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून चिपचा प्रोग्रॅम मिळवला. 1992च्या निकालात ही लबाडी तिच्या अंगलट आली. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले, की रीतसर हाती आलेली वस्तू उघडून तिच्यामागची कल्पना समजून घेणे हा गुन्हा नव्हे. हौशी मंडळींना हे वाक्य सोन्याच्या मोलाचे आहे. त्याच वर्षी आणखी एक निकाल लागला. गेम जिनी नावाचे एक साधन यंत्र आणि कॅसेट यांच्यामध्ये बसे आणि जाता जाता एखादा आकडा बदले, म्हणजे तीन जीवांचे नऊ जीव होत. कंपनीने त्यावर दावा लावला आणि ती हरली. विक्री अडवल्याबद्दल दीड कोटी डॉलर मोजावे लागले. विकत घेतलेला खेळ मालकाने घरी कसा खेळावा, हा मालकाचा प्रश्न ठरला.

किमतीच्या बाबतीतही 1991 साली तडजोड झाली. दुकानदारांना यंत्राची किंमत उतरवू देत नाही, हा अमेरिकी सरकारी यंत्रणांचा आरोप होता. ग्राहकांना भरपाई मिळाली ती पाच डॉलरच्या कूपनच्या रूपात, आणि ते कूपन त्याच कंपनीच्या मालावर चालणार! याला भरपाई म्हणावे की जाहिरात?

हौशींनी काढलेली युक्ती सर्वांत देखणी आहे. दोन्ही चिपा एकसारख्या असतील, तर ‘मी कुलूप’ आणि ‘मी किल्ली’ हे त्यांना कसे कळते? चौथ्या पिनेवर वीज असेल तर कुलूप, नसेल तर किल्ली. यंत्रातल्या चिपची ती पिन सोडवून शून्याला जोडली, की कुलूप स्वतःला किल्ली समजू लागते आणि अडवणारा कोणी उरत नाही. 1993 साली खुद्द कंपनीने यंत्राची नवी आवृत्ती काढली. तिच्यात कॅसेट पुन्हा वरून सरळ खोचायची होती आणि कुलपाची चिप नव्हतीच. आमच्या टीकेला याहून चांगला साक्षीदार कोणता?

पण मग कुलूप नसलेले आपले टीव्ही गेम ग्राहकाला सुखाचे होते काय? छे. माळ्यावरच्या त्या पेटीत ‘9999 इन 1’ अशी कॅसेट होती. मुलांनी यादी काढायला घेतली, तर थोडेसेच खेळ पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या पातळीपासून सुरू होणारे निघाले. कॅसेट उघडली तर आत डांबरासारखा काळा थेंब, त्याखाली चिप, दुरुस्ती अशक्य. पेटीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नाही, बिल तर कोणी मागितलेच नव्हते. मूळ खेळ रचणाऱ्यांना यातून छदामही गेला नसणार, हेही कबूल करायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा 1986 पासून होता, पण दावा लावायचा कोणावर?

ज्यांना हा सगळा जुन्या खेळण्यांचा इतिहास वाटतो, त्यांनी शाळेच्या कार्यालयातला प्रिंटर उघडून पाहावा. शाईच्या नळकांड्यावर पुष्कळदा एक चिमुकली चिप असते आणि ती प्रिंटरशी ओळखीचे बोलते. काम तेच: शाई कशी आहे हे नव्हे, कोणाची आहे हे पाहणे. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीचा अशा चिपवरचा दावा 2004 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयात टिकला नाही. 2017 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नळकांडे एकदा विकले की पेटंटच्या जोरावर त्याच्या पुनर्वापराला मनाई करता येत नाही. आपल्याकडे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो जुलै 2020 पासून लागू आहे, उत्पादनाच्या रचनेतला दोषही उत्पादकाची जबाबदारी मानला आहे, आणि डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. लुकलुकणारा दिवा हा ‘रचनेतला दोष’ की ‘योजलेले कार्य’, यावर वाद घालायला वकील मंडळींना बरीच जागा आहे.

माळ्यावरचा गेम आता प्रयोगशाळेत आहे. कॅसेटच्या पट्ट्या कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्या. बोळा काळा झाला आणि कॅसेट पहिल्या खेपेला चालू लागली. ज्या मुलाने तीस वर्षांपूर्वी फुंकरीचा प्रश्न विचारला होता तो आता पुण्यात नोकरी करतो. त्याला फोन करून आम्ही आमचे उत्तर मागे घेतले. तो हसला आणि म्हणाला, ‘सर, पण तेव्हा चालायचं हो!’ नाणे उडवून तेवढाच प्रयोग त्याच्या मुलीबरोबर करायला आम्ही त्याला सांगितले आहे.