‘कारण’ की ‘निमित्त’? : कोयनेच्या भूकंपसंशोधनातील एका संज्ञेचा विचार

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागून तेव्हा पाचसहा वर्षेच झाली होती. या दोन घटनांचा संबंध कोणत्या शब्दांत मांडला गेला, एवढेच तपासण्याचा येथे हेतू आहे.

स्थापत्याच्या अंगाने झालेल्या संशोधनात संदिग्धता फारशी उरलेली नाही. आराखड्यात भूकंपाचा आडवा भार वजनाच्या अवघा ५ टक्के, आणि तोही स्थिर, असा धरला होता. चोप्रा व चक्रवर्ती यांच्या १९७३ च्या गतिकीय विश्लेषणाने दाखवून दिले की, हादऱ्यात भिंतीचा माथा डोलतो आणि तिचा उतार जेथे एकदम बदलतो तेथे ताण एकवटतो. भेगा त्याच पातळीपाशी पडल्या होत्या. भिंतीला टेकू देऊन ती बळकट करण्यात आली.

भूकंपशास्त्राची वाट मात्र शब्दांपाशी अडखळते. पूर्वी अशा भूकंपांस ‘इंड्यूस्ड’ म्हणत. मॅकगार व सिम्पसन यांनी १९९७ मध्ये त्यापासून ‘ट्रिगर्ड’ हा वर्ग वेगळा काढला. पहिल्यात बहुतांश ताण मानवी कृतीने उत्पन्न होतो. दुसऱ्यात तो भूगर्भात आधीच साठलेला असून कृती त्याला केवळ वाट करून देते. कोयना दुसऱ्या वर्गात मोडते. मराठीत मात्र दोहोंस सरसकट ‘प्रेरित’ म्हटले जाते. पाणिनीने प्रयोजकास हेतू आणि कर्ता या दोन्ही संज्ञा दिल्या आहेत; तेव्हा ‘प्रेरित’ म्हणताच धरणाकडे कर्तृत्व जाते. वस्तुतः आपल्या बोलीत ‘कारण’ आणि ‘निमित्त’ हा भेद खेड्यातील म्हातारीही अचूक पाळते. (‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ हा तिसरा पक्ष, धरणाचा काही संबंध नाही असे म्हणणाऱ्यांचा.)

‘निमित्त’ म्हटल्याने धरण निर्दोष ठरते, असा अर्थ काढला जाण्याचा धोका आहे, आणि नव्या संज्ञेच्या पुरस्कर्त्यांनी तो पुरेसा ओळखलेला दिसत नाही. भूगर्भातील ताण कोणाच्याच हाती नाही; पाण्याची पातळी मात्र माणसाच्या हाती आहे. पातळी किती वेगाने चढते, कोठवर जाते आणि तेथे किती काळ राहते, यांचा भूकंपांशी असलेला संबंध हर्ष गुप्ता यांनीच मांडला आहे. म्हणजे जबाबदारीचे स्थान निमित्तातच आहे. १९६० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी जलाशय दर पावसाळ्यात भरावयाचा असल्याने हा शब्दच्छल खासच नव्हे.

पुढे गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल चाचणी-विवर खणून बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटी खडकापर्यंत संशोधक पोहोचले. त्या खडकाविषयीचे निबंध इंग्रजीत निघतात. पाटण तालुक्यातील माणसास मात्र हादऱ्यानंतर ‘धरणास धोका नाही’ एवढेच वाक्य वाचावयास मिळते. त्याने विचारलेला प्रश्न बहुधा घराविषयीचा असतो.