सी. रामचंद्र : रसिकांची दाद आणि समीक्षेची कसोटी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर संगीतकार म्हणून 'सी. रामचंद्र', तर गायक म्हणून 'चितळकर' या नावाने परिचित झाले. त्यांचे संगीत घरोघरी पोहोचविले ते नभोवाणीने. १९५२ नंतर मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ लुप्त झाली व श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू झाली. पुढे 'विशेष जयमाला'सारख्या कार्यक्रमांतून गीतांबरोबर चित्रपट-कलावंतांच्या आठवणीही ऐकू येऊ लागल्या.

या आठवणींनी रसिकांची आस्था वाढविली. मात्र त्यांची दाद पुष्कळदा आठवणींवरच विसंबून राहिली. 'आझाद' (१९५५) या चित्रपटाची गीते अत्यल्प काळात बांधली गेली, ही कथा रसिक आवर्जून सांगतात. तीत त्वरेचे कौतुक आहे. परंतु गीत का टिकले, याचे उत्तर नाही. ते स्वररचनेतच शोधावे लागते. 'अनारकली' (१९५३) मधील हेमंतकुमार व लता मंगेशकर यांच्या द्वंद्वगीतात बागेश्री प्रेमातील वेदना आळविते. 'आझाद'मध्ये तोच राग राधेच्या रुसव्याला लडिवाळ रूप देतो. एकाच रागातून दोन भिन्न भाव साकारणे, हे या संगीतकाराचे खरे सामर्थ्य होय.

सारांश, मुलाखत ही कलावंताच्या हेतूची साक्ष असते, कलाकृतीच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे. रसिकांनी आठवणी जपल्या. समीक्षेने आता गीतांकडे वळणे अगत्याचे आहे.