स्टेशन वॅगन : एक रसग्रहण

मराठी माणूस टीका कशावर करत नाही? नाटकावर करतो, नाटकाच्या मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर करतो, गवयाच्या षड्जावर करतो आणि गाणं ठेवणाऱ्या मंडळाच्या सतरंजीवर तर हटकून करतो. पण मोटारगाडीची पाळी आली की या जन्मजात समीक्षकाला एकच प्रश्न सुचतो, "ॲव्हरेज किती देते?" हे म्हणजे कादंबरी हातात घेऊन "पानं किती?" असं विचारण्यापैकी झालं! वास्तविक फ्लॅटखालोखाल मध्यमवर्गीय घर सर्वांत जास्त पैसे घालतं ते मोटारीत. तिचे हप्ते पाच-पाच, सात-सात वर्षं चालतात. सात वर्षं एकच कविता वाचण्याची शिक्षा कुणी कवीच्या सख्ख्या भावालाही देणार नाही. तेव्हा गाडीचा आशय, तिची अभिव्यक्ती आणि मुख्य म्हणजे तिचा घाट, यांची थोडी चिकित्सा व्हायलाच हवी. समीक्षकांचा घाट वेगळा आणि कुंभार्लीचा घाट वेगळा, हे मला ठाऊक आहे. पण मोटारीच्या बाबतीत पहिल्या घाटाची परीक्षा दुसऱ्या घाटातच होते.

तर मोटारींचे मुख्य वाङ्मयप्रकार तीन.

पहिली सेडान. हे तीन अंकी नाटक. पहिल्या अंकात इंजिन, दुसऱ्यात माणसं, तिसऱ्यात डिकी आणि मध्ये कडक पडदे. माणसांची आणि सामानाची गाठ पडता कामा नये, असा या प्रकाराचा दंडक आहे. सेडानची डिकी पोटानं मोठी, पण तोंडानं लहान. सुटकेसचं जमतं, कारण सुटकेस हे मुळात सेडान डोळ्यांपुढे ठेवून जन्माला आलेलं सामान. पण आपल्याकडचं सामान सुटकेसच्या आकाराचं असतं कुठे? फणस, शिवणयंत्र, पाळणा, गावाहून निघालेली तांदळाची गोण, आजीचं कमोडचं खुर्चीवजा प्रकरण. यांतलं काहीही सेडानच्या तोंडाला धरा, ती लहान मुलासारखे ओठ मिटून घेते.

दुसरी एसयूव्ही. हा पोवाडा. सुरुवातच वरच्या पट्टीत आणि शेवटपर्यंत खाली उतरणं नाही. प्रसंग अफझलखानाच्या भेटीचा असो की चौकातल्या दुकानातून कोथिंबीर आणण्याचा, आवेश तोच.

तिसरी स्टेशन वॅगन. हा ललित निबंध! कुठलाही विषय मागच्या दारानं आत घ्यावा, माणसं आणि सामान एका छपराखाली नांदवावीत, फार उंच जाऊ नये, फार वेगळं दिसू नये. आणि ललित निबंधाचं जे झालं तेच तिचं झालं. वाचणारे खूश, पण पारितोषिकाच्या वेळी नाव कुणाच्या लक्षात नाही.

नावावरून आपल्याकडे गैरसमज फार. वॅगन म्हटलं की आपल्याला मालगाडीचा डबा आठवतो. पण या नावाचा रेल्वेशी खराखुरा संबंध आहे. अमेरिकेत १९२०च्या आसपास रेल्वे स्टेशनावर उतरलेले पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात किंवा घरी पोचवायला मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी डबा बसवत. स्टेशनावर जाणारी वॅगन ती स्टेशन वॅगन. १९२९ साली फोर्ड कंपनीनं स्वतःच अशी लाकडी गाडी काढली. तिला लाकूड पुरवायला मिशिगनमध्ये कंपनीची स्वतःची जंगलं होती. या गाड्यांचं लाकूड वेळच्या वेळी घासून व्हार्निश करावं लागे, म्हणजे मोटार आणि दिवाणखान्यातलं कपाट यांना एकाच सुताराकडे नेता येत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूड जाऊन पत्रा आला आणि पुढची तीसेक वर्षं अमेरिकन कुटुंब म्हणजे आई, वडील, मुलं, कुत्रा आणि वॅगन असं समीकरण होतं. इंग्रजांनी तिला इस्टेट म्हटलं, जर्मनांनी कोम्बी. स्वीडनच्या व्होल्वोनं १९५३ साली जी काढली तिचं नाव ड्यूएट. सहा दिवस धंद्याचा माल आणि रविवारी बायकामुलं, असं हे युगुलगीत. एका गाडीत दोन गाड्या ही कल्पना ज्याला सुचली त्याचं मूळ गाव शोधलं तर सदाशिव पेठेच्या आसपास सापडेल अशी मला दाट शंका आहे.

आपल्याकडे स्टेशनावरच्या सामानाचा प्रश्न मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनं सोडवला, तो डोक्यावर कॅरियर बांधून. पद्मिनी ही जातीची सेडान. पुढे डिकीत सीएनजीचं नळकांडं आलं आणि बॅगांना छपराशिवाय थारा राहिला नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेनं निवृत्त झाली. ते कॅरियर म्हणजे सेडाननं जाहीररीत्या डोक्यावर घेतलेला कबुलीजबाब होता, 'मला हे पोटात ठेवता येत नाही हो!'

खरी देशी वॅगन आली ती पुण्याहून. टेल्कोनं १९९१मध्ये सिएरा काढली आणि १९९२मध्ये इस्टेट. दोघी बहिणी. दोघींचं डिझेल इंजिन १९४८ सीसीचं, दोघींची हाडं टाटामोबाइल पिकअपची. समीक्षकानं तटस्थ असावं म्हणून सांगतो, इस्टेट ही निर्दोष कलाकृती नव्हती. पिकअपच्या हाडांवर बेतलेली असल्यामुळे चालीत थोडा मालवाहूपणा होता आणि त्या काळाच्या मानानं किंमत भारी. पण रेघ पाहावी! बॉनेटपासून निघालेली ती लांब, सरळ, न अडखळता मागच्या काचेपर्यंत गेलेली रेघ! भीमसेनांची तान समेवर यावी तशी ती मागच्या दारावर येऊन थांबायची.

आणि लोक काय म्हणाले? "ॲम्ब्युलन्स आहे का हो?" त्याहून हजरजबाबी होते त्यांनी वैकुंठाचं नाव घेतलं. मागे जागा दिसली की तिथे आडवा माणूसच ठेवायचा, ही आपली कल्पनाशक्ती. पुढे मारुतीनं बलेनो आल्टुरा आणली, ओपेलनं कोर्सा स्विंग, टाटांनी २००४मध्ये इंडिगो मरिना, स्कोडानं ऑक्टाविया कोम्बी. एकेक येऊन प्रयोगाला माणसं नाहीत म्हणून पडदा पाडून निघून गेल्या. सफारीचं नाव २०२१मध्ये परत आलं, सिएराचं २०२५मध्ये परत आलं. जुन्या नावांचे असे जीर्णोद्धार चालले असताना धाकट्या बहिणीचं, इस्टेटचं, कुणी श्राद्धही घातलं नाही.

एवढा दुस्वास का, याचं उत्तर मला आमच्या मेव्हण्याकडून मिळालं. त्यानं एसयूव्ही घेतली तेव्हा मी विचारलं, "अरे, मागची सीट उघडल्यावर सामान कुठे ठेवणार?"

"सामानाचं काय दाजी, येईल की मागनं एस.टी.च्या पार्सलनं!"

"मग गाडी कशाला?"

"दाजी, रस्त्यावर वट पाहिजे."

ही गाडी सात माणसांची. पण सातवा माणूस बसला की मागे राहते ती जागा छत्री उभी ठेवण्यापुरती. आंब्याची पेटी ठेवायची तर आधी ती बरगडीपर्यंत उचलावी लागते. वॅगनमध्ये हीच पेटी मांडीच्या उंचीवर टेकवून आत सरकवली की झालं. उंच गाडी घाटातल्या वळणावर बाहेरच्या अंगाला कलते, आणि तिसऱ्या ओळीतल्या पोरांचे चेहरे पाटणपासून पिवळे पडू लागतात ते चिपळूणला खाली उतरेपर्यंत. शिवाय वाऱ्याला जेवढी छाती दाखवावी तेवढं तेल जळतं, हे विज्ञान. वॅगन बुटकी, वळणाला चिकटून जाणारी. मामा मागे फणसाला टेकून झोपलेले असतात ते चिपळूणलाच उठतात.

एसयूव्हीच्या बाजूनं सांगण्यासारखं नाही असं नाही. आपले रस्ते, त्यांतले खड्डे आणि गतिरोधक या नावाखाली नगरपालिका उभारते ते छोटे सह्याद्री, यांत लांब, बुटक्या, सामानानं भरलेल्या वॅगनचं पोट खरवडून निघतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खालच्या सीटवर बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं, तेही खरं. पण या अडचणी इंच-दोन इंचांनी सुटण्यासारख्या होत्या. 'वट' इंचांनी सुटत नाही, तिला फूट लागतात.

तरीही केवळ लोकांच्या आवडीनं वॅगन मेली असं म्हणणं लोकांवर अन्याय करणारं आहे. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. कलेच्या इतिहासात जिथे इतरांना प्रतिभा दिसते तिथे आम्हांला करआकारणी दिसते. अमेरिकेत १९७५ साली इंधनबचतीचा कायदा झाला. मोटारींना कडक नियम लागले आणि हलक्या ट्रकांना सैल. स्टेशन वॅगन मोजली गेली मोटारीत. १९८३च्या अखेरीस आलेली मिनीव्हॅन आणि पाठोपाठ एसयूव्ही, या मात्र कागदोपत्री ट्रक! घर तेच, मुलं तीच, कुत्रा तोच. रकाना बदलला की नियम बदलला. १९९६पर्यंत जनरल मोटर्सनंही आपल्या मोठ्या वॅगन बंद केल्या.

आपल्याकडे २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. झालं! ज्यांनं त्यानं कात्री हातात घेतली. २००८मध्ये इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस आली. सेडान बिचारी शेपटी कापूनही जगली, जशी पाल जगते. पण वॅगनची शेपटी हाच तिचा जीव. ती कापली की उरते ती साधी हॅचबॅक, म्हणजे निबंधातला मजकूर काढून ठेवलेलं शीर्षक. एसयूव्हीला ही अडचण नाही. तिला आखूड करा, ती वर वाढते. मीटरपट्टी आडवी धरली होती, उभी नव्हे. पुढे जीएसटीनं १५०० सीसीवरचं इंजिन, चार मीटरवर लांबी आणि पोटाखाली १७० मिलिमीटर मोकळी जागा, अशी एसयूव्हीचीही व्याख्या केली. पोवाड्याची इतकी काटेकोर व्याख्या मराठीच्या प्राध्यापकांनाही जमलेली नाही. सप्टेंबर २०२५पासून लहान गाडीला १८ टक्के आणि चार मीटर ओलांडणाऱ्या कुठल्याही पेट्रोल-डिझेल गाडीला ४०. म्हणजे घरातलं माणूस आणि घरातलं सामान एकत्र न्यायला जी एक-दोन वीत जास्त लागते, तिला सरकारच्या लेखी चैन म्हणतात.

वॅगनचा खरा दोष वेगळाच आहे, आणि तो कुठल्याही अर्थसंकल्पात नाही. तिला लपवता येत नाही. मागे सुकट असेल तर पुढे वास येतो. मागे काय भरलंय ते सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवाल्याला तीन बाजूंच्या काचांतून दिसतं : गोधड्या, कोकमांची बरणी, आतेनं प्रेमानं दिलेली आणि नको म्हणता न आलेली तांब्याची घागर. सेडान हे सगळं डिकीत कोंबून वर साहेबासारखी चालते. एसयूव्ही काचा काळ्या करते. वॅगन मात्र सांगून टाकते की या घरात सात माणसं आहेत, एकाचा पाय प्लास्टरात आहे, गावाशी संबंध अजून तुटलेला नाही आणि आज आम्ही बरंच काही घेऊन निघालो आहोत.

आपण मोटार घेतो ती घरासाठी, पण निवडतो ती शेजाऱ्यासाठी. सात वर्षं हप्ते भरायचे ते त्याच्या डोळ्यांत भरण्याचे, आणि पाळणा यायचा पार्सलनं! माझ्यातल्या समीक्षकाचं मत विचाराल तर, ज्या गाडीत घरचं सगळं मावतं आणि तरीही मावल्याची लाज वाटत नाही, तिच्याइतकी सभ्य रचना या वाङ्मयात दुसरी झालेली नाही. आणि तिचं ॲव्हरेज? तेही बरं असायचं हो!