गोठवलेले स्वादुपिंड : एका तक्त्याचे परीक्षण

आमच्या पुंडलिकनगर भागातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीच्या मुलांनी केलेल्या एका तक्त्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मथळा होता, 'गोठवलेले स्वादुपिंड : मधुमेहावर भारतीय उपाय'. डावीकडे इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी, मध्ये त्यांच्याभोवतीची सच्छिद्र पिशवी, उजवीकडे वाफा सोडणारे द्रवरूप नत्रवायूचे पिंप आणि शेवटी हसरा रुग्ण. चौघांना जोडणारे ठळक बाण. खाली पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे नाव. चित्रे सुबक होती. मजकूर मात्र मुलांचा वाटत नव्हता. कुठल्याशा वृत्तपत्री लेखातून उतरवलेला असावा. आमची तक्रार मुलांविषयी नाही, तशा लेखनाविषयी आहे.

पुण्यात काय झाले ते आधी पाहू. डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन शोधनिबंध २००१ साली प्रसिद्ध झाले. एकात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणारे पेशीपुंज, म्हणजे लँगरहॅन्सची बेटे, गोठवण्यापूर्वी टॉरिन या द्रव्यात ठेवली, तर वितळल्यावर ती अधिक चांगल्या स्थितीत हाती लागतात, असे दाखवले होते. दुसऱ्यात डायलिसिससाठी वापरतात तसे सेल्युलोजचे पटल जैवकृत्रिम स्वादुपिंडाचे आवरण म्हणून चालेल का, हे प्रयोगशाळेतील काचपात्रांत तपासले होते. दोन्ही कामे चांगली आहेत. पण तक्त्याने त्यांची बेरीज केली : आवरणात घातलेली बेटे गोठवली, वितळवली आणि रुग्णाला दिली! हा तिसराच प्रश्न आहे आणि पहिल्या दोघांपेक्षा अवघड आहे.

आवरणाची कल्पना सोपी आहे. दुसऱ्याच्या पेशी शरीरात घातल्या की प्रतिकारसंस्था त्यांच्यावर तुटून पडते. त्या अर्धपार्य आवरणात ठेवल्या, तर ग्लुकोज, प्राणवायू आणि इन्सुलिन ये-जा करतील, पण प्रतिकारसंस्थेच्या पेशी आत शिरणार नाहीत. लिम आणि सन यांनी १९८० मध्ये समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या मण्यांत बेटे बंद करून मधुमेही उंदरांत सोडली आणि त्यांची रक्तशर्करा सुमारे तीन आठवडे ताब्यात राहिली. तेव्हापासून या विषयावर काम चालूच आहे.

आता गोठवणे. येथे दूरचे उदाहरण देण्याची गरज नाही. आमच्या शहरात हर्सूल येथे जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठित रेतमात्रा तयार करणारी प्रयोगशाळा आहे. गावातल्या दवाखान्यातले उणे १९६ अंश सेल्सिअसचे नत्रवायूचे भांडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ग्लिसरीन घातले की शुक्रपेशी गोठणे सोसतात, हे इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना १९४९ साली उमगले, तेही बाटल्यांच्या घोटाळ्यामुळे. ती गोष्ट पुन्हा केव्हातरी. मुद्दा असा की रेतमात्रेत लक्षावधी सुट्या पेशी असतात. निम्म्या मेल्या तरी बिघडत नाही, फलनाला एक पुरते. स्वादुपिंडाचे काम एका पेशीने भागत नाही.

शिवाय गोठवताना पेशी दोन बाजूंनी कोंडीत सापडते. सावकाश थंड केली तर बाहेरच्या पाण्याचा आधी बर्फ होतो, उरलेला द्रव खारट होत जातो आणि परासरणामुळे पेशीतले पाणी निघून ती सुकते. घाईने थंड केली तर आतच बर्फाचे स्फटिक होतात. मेझर यांनी १९७२ मध्ये हे दुहेरी गणित मांडले. योग्य वेग प्रत्येक पेशीप्रकाराला वेगळा. बेटात शेकडो ते हजारो पेशी एकमेकींना चिकटलेल्या; काठाला मानवणारा वेग गाभ्याला मानवेलच असे नाही. त्यावर अल्जिनेटचा मणी चढवला की संरक्षक द्रव्य आत झिरपायला वेळ लागतो. आणि मणी म्हणजे तरी काय, बहुतांशी पाणीच. त्याचाही बर्फ होतो आणि त्याला तडा जाऊ शकतो.

आमच्या मते सर्वात दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. तडकलेल्या मण्यातील पेशी जिवंत असू शकतात. ट्रिपॅन ब्लूसारखा रंग टाकून मोजले तर निकाल उत्तम येईल. पण आवरण फुटले म्हणजे संरक्षण गेले, आणि त्यासाठीच तर सारा खटाटोप होता. हा रंग फक्त पेशीपटल शाबूत आहे का एवढेच सांगतो. शिवाय गोठण्याचा मार बसलेल्या कित्येक पेशी वितळल्यानंतर लगेच नव्हे, तर दिवसभराने मरतात. तेव्हा 'इतके टक्के पेशी जिवंत' हा आकडा कधी मोजला, कशाने मोजला आणि त्या पेशींनी ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन सोडले का, हे न सांगणारा लेख अपुरा समजावा. शोधनिबंधही याला अपवाद नाहीत.

वर्गात हे दाखवता येते. बीटची चकती बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, वितळवून पाण्यात टाका. पाणी लाल होते, कारण पेशीपटले फाटली. मग मुलांना विचारा : पाणी लाल झाले नसते, तर ही चकती लावल्यावर फुटली असती का? हाच प्रश्न तक्त्याला विचारायचा आहे.

आजची स्थिती निराशाजनक नाही. लंडनमध्ये जैवकृत्रिम यकृतासाठी अल्जिनेटच्या मण्यांतील यकृतपेशींचा २.३ लिटर साठा एकत्र गोठवल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र वितळवल्यावर त्या पेशी पुन्हा वाढवून घ्याव्या लागल्या. मिनेसोटाच्या गटाने २०२२ मध्ये बेटे जाळीवर पातळ थरात पसरून, बर्फ न होऊ देता काचेसारखी घट्ट केली. नऊ महिन्यांपर्यंत ठेवूनही सुमारे ९० टक्के पेशी जगल्या, आणि तशा पद्धतीने ठेवलेल्या बेटांनी मधुमेही उंदरांची रक्तशर्करा सुधारली. म्हणजे काम तपासले गेले. पण ही बेटे आवरणाविना होती.

तक्त्यात आणखी एक चूक होती. अवयवदानाची बर्फाची पेटी 'गोठवणे' या सदरात घातली होती. त्या पेटीत अवयव थंड ठेवतात, गोठवत नाहीत. हृदय तर जेमतेम चार-सहा तास टिकते.

आम्ही तक्त्याला दुसरा क्रमांक दिला. मार्गदर्शक बाईंना एवढेच सुचवले की पिशवीपासून पिंपाकडे जाणारा बाण तुटक रेषेचा करावा. 'सर, मग बक्षीस जाईल का?' असे एका मुलीने विचारले. जाणार नाही, असे आम्ही सांगितले. तिने तेथेच खोडरबर काढले.